दोन रांगांचा देश

२०१२ साली कॅनडाच्या संसदेने एक रांगच कायद्याने पुसून टाकली. ‘कुशल कामगार’ या गटातून कायमचा रहिवास, म्हणजे पुण्या-मुंबईतल्या घरांत ज्याला नुसते ‘पीआर’ म्हणतात तो, मागणारे सुमारे २ लाख ८० हजार लोक त्या रांगेत होते. सगळ्यांचे अर्ज २७ फेब्रुवारी २००८ च्या आधीचे. काहींना तर सात-आठ वर्षे होत आली होती. अर्थसंकल्पाच्या अंमलबजावणीसाठी आणलेल्या चारशेहून अधिक पानांच्या विधेयकात त्यांच्यापुरते एक कलम होते. २९ मार्च २०१२ च्या आधी ज्यांच्या निवडीचा निर्णय झाला नाही, त्यांचा अर्ज संपला. भरलेली फी परत मिळेल, पण व्याजाशिवाय. आणि याबद्दल सरकारकडे भरपाई मागण्याचा हक्क कोणालाही असणार नाही.

शेकडो अर्जदार फेडरल कोर्टात गेले. विधेयकावर सही होण्याच्या पंधरा दिवस आधी, १४ जूनला, न्यायमूर्ती डोनाल्ड रेनी यांनी एका अर्जदाराच्या बाबतीत सरकारचा उशीर अवाजवी ठरवला. पण २९ जूनला विधेयकाचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी त्या कायद्याच्या वैधतेचा प्रश्न याच न्यायमूर्तींपुढे आला तेव्हा कायदा टिकला. २०१४ मध्ये अपिलातही टिकला. उशीर करणे चूक, पण उशीर झाला म्हणून अर्जच रद्द करणे बरोबर, अशी ही गंमत. ज्यांच्या फायली गेल्या त्यांना ती गंमत वाटली नसणार.

ऑस्ट्रेलियाने हाच उपाय दोन वर्षे आधी लहान प्रमाणावर करून पाहिला होता. ८ फेब्रुवारी २०१० रोजी इमिग्रेशनमंत्री ख्रिस इव्हान्स यांनी १ सप्टेंबर २००७ पूर्वी देशाबाहेरून आलेले कुशल स्थलांतराचे अर्ज बंद करण्याचे जाहीर केले. सुमारे २० हजार लोकांचा प्रश्न होता. त्यांनाही फी परत करायची होती.

एवढ्या रांगा लागतात तरी कशा? कचेरीतले लोक कामचुकार, फायली धूळ खात पडल्या, हे उत्तर आपल्याला सवयीने सुचते. त्यात थोडे तथ्य असेलही. पण कॅनडाची रांग कारकुनांनी लावली नव्हती. तिथे २००२ च्या कायद्यानुसार पूर्ण भरलेल्या प्रत्येक अर्जावर निर्णय देणे सरकारला भाग होते. उत्तीर्ण होण्यासाठी १०० पैकी आधी ७५ गुण लागत; सप्टेंबर २००३ मध्ये ते ६७ वर आणले. किती जणांनी अर्ज करावा याला मर्यादा नव्हती. वर्षाला किती जणांना घ्यायचे याचा आकडा मात्र सरकार दरवर्षी ठरवत होते. समजा, दरवर्षी ८० हजार पात्र लोक आले आणि जागा ५० हजारच असल्या, तर पाच वर्षांत दीड लाख माणसे तुंबतात आणि शेवटच्या माणसाला तीन वर्षे थांबावे लागते. सगळे कारकून रात्रंदिवस राबले तरी त्यात एका दिवसाचा फरक पडणार नाही.

रांगांचा अभ्यास हे गणिताचे एक जुने अंग आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एर्लांग यांनी १९०९ मध्ये त्याचा पाया घातला. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन लिटल यांनी आज त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सिद्ध केला: रांगेतल्या माणसांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ. शाळकरी वाटावा असा हा गुणाकार बँकेच्या काउंटरला लागू पडतो आणि व्हिसाच्या फायलींनाही. कॅनडात सहा लाखांहून जास्त माणसे तुंबल्यावर, २००८ मध्ये, मंत्र्यांना अर्ज थोपवण्याचे अधिकार देणारा कायदा आला. गुणाकार चुकवायचा तर दारच लोटून घ्यावे लागते, हे सरकारला तेव्हा उमगले.

मात्र दार न लोटताही रांग नाहीशी करण्याची युक्ती एका छोट्या देशाने त्याच्या पाच वर्षे आधीच काढली होती. तो देश म्हणजे न्यूझीलंड.

न्यूझीलंडने गुणांवर आधारलेली निवड १९९१ मध्येच सुरू केली होती. डिसेंबर २००३ मध्ये त्यांनी तिची मांडणी बदलली. आता माणूस थेट अर्ज करणार नव्हता. तो आधी ‘एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट’ भरणार, म्हणजे ‘मला यायचे आहे, माझे वय, शिक्षण, अनुभव, नोकरी यांचे माझ्या हिशेबाने इतके गुण होतात’ एवढेच कळवणार. बोलण्यात तो झाला ‘ईओआय’. किमान १०० गुण असतील तर ईओआय ‘पूल’मध्ये जाई. दर पंधरवड्याला ड्रॉ होई. १४० किंवा जास्त गुणांचे सगळे आपोआप निवडले जात, त्याखालच्यांत नोकरी असणाऱ्यांना आधी संधी मिळे. निवड झालेल्याला निमंत्रण येई आणि निमंत्रण आल्यावरच कागदपत्रांसह खरा अर्ज करता येई. सहा महिन्यांत निवड झाली नाही, तर ईओआय आपोआप बाद.

या मांडणीतली खुबी कायद्याची आहे. पूलमध्ये असलेल्या माणसाने अजून अर्जच केलेला नसतो. त्याला उत्तर देणे सरकारवर बंधनकारक नाही, त्याची रांग मोजली जात नाही आणि सहा महिन्यांनी तो आपोआप यादीतून निघून जातो. सरकारने जागा पाहून तेवढ्याच माणसांना बोलवायचे. मग तुंबणार कोण? ऑस्ट्रेलियाने ही पद्धत १ जुलै २०१२ पासून ‘स्किलसिलेक्ट’ नावाने उचलली. दोन लाख ऐंशी हजार लोकांचे अर्ज पुसून हात पोळलेल्या कॅनडाने तिचा अभ्यास केला आणि १ जानेवारी २०१५ ला ‘एक्स्प्रेस एंट्री’ सुरू केली. शंभरातल्या ऐंशी अर्जांचा निकाल सहा महिन्यांत, असे वचन त्यासोबत दिले. जगातल्या दोन बड्या स्थलांतर-देशांनी पन्नास लाख वस्तीच्या देशाचा शोध उचलला, ही गोष्ट न्यूझीलंडच्या अधिकाऱ्यांना अभिमानाने सांगता येण्यासारखी होती.

आणि मग त्यांच्याच घरात रांग लागली.

त्याची सुरुवात ऑक्टोबर २०१६ मध्ये झाली. परदेशी लोक फार येतात अशी ओरड वाढली होती, ऑकलंडची घरे परवडेनाशी झाली होती. तेव्हाचे मंत्री मायकेल वुडहाउस यांनी आपोआप निवडीची पातळी १४० वरून १६० वर नेली आणि दोन वर्षांत द्यायच्या रहिवासांचा नियोजित आकडा ८५ ते ९५ हजारांवर आणला. ऑगस्ट २०१७ मध्ये पगाराची अट आली. नोकरीचे गुण हवे असतील तर पगार देशातल्या मधल्या पातळीइतका, म्हणजे वर्षाला ४८,८५९ डॉलर तरी हवा. थोडे दिवस पूल ओसरला. पण लोक शहाणे असतात. ज्यांना १६० गुण जमत नव्हते त्यांनी ऑकलंड सोडून लहान गावांत नोकऱ्या धरल्या, कारण तिथल्या नोकरीला जास्त गुण होते. पगार वाढवून घेतले, आणखी एक वर्षाचा अनुभव जोडला आणि ते पुन्हा आले.

इथे सरकारने एक चूक केली आणि ती साधीच होती. १६० च्या वरच्या प्रत्येकाला निमंत्रण जात राहिले, मग जागा असोत वा नसोत. जुलै २०१८ ते डिसेंबर २०१९ या दीड वर्षासाठी सर्व प्रकारचे मिळून ५० ते ६० हजार रहिवास द्यायचे ठरले होते. ही मुदत संपल्यावर पुढचा आकडा लगेच ठरलाच नाही. निमंत्रणे पुढच्या दाराने जात होती, मंजुऱ्या मात्र नियोजनाच्या आकड्यात बसवायच्या होत्या. ज्या तुंबण्यावर उपाय म्हणून पूल काढला, ते तुंबणे आता पूलच्या पलीकडे, निमंत्रण मिळालेल्यांत सुरू झाले. जॉन लिटल यांचा गुणाकार पंधरा वर्षे बाहेर थांबला होता. तो आत आला.

मग काही अर्ज आधी घ्यायचे ठरले. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचे निकष जाहीर झाले: ज्यांचा पगार देशाच्या मधल्या वेतनाच्या दुप्पट, म्हणजे वर्षाला एक लाख डॉलरहून जास्त आहे ते, आणि ज्यांच्या व्यवसायाला नोंदणी लागते व ती त्यांच्याकडे आहे ते. म्हणजे नर्स, शिक्षक, इलेक्ट्रिशियन आधी. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणारा पुण्याचा सॉफ्टवेअर इंजिनियर मागे. लालबागच्या राजाला नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी असते, तसे हे झाले. फरक एवढाच की लालबागला कोणत्या रांगेत उभे राहायचे ते भाविक ठरवतो; इथे लोक एका रांगेत उभे राहिले आणि अर्ध्या वाटेवर त्यांना कळले की रांगा दोन आहेत.

साध्या रांगेतला अर्ज केस ऑफिसरच्या हातात जायलाच दीड-दोन वर्षे लागू लागली. फाइल तपासायला नव्हे, नुसती उघडायला. ऑकलंड-हॅमिल्टनच्या भारतीय वस्त्यांत त्या काळी भेटल्यावर पहिला प्रश्न ‘केस ऑफिसर अलोकेट झाला का?’ असा असे. ज्याला झाला त्याने पेढे वाटावेत अशी परिस्थिती होती.

बाहेरून पाहणाऱ्याला यात एवढे काय बिघडले असे वाटू शकते. माणूस नोकरी करतोय, पगार मिळतोय, मुले शाळेत जातायत. एक शिक्का उशिरा लागला तर काय झाले? पण कामाच्या व्हिसावर राहणाऱ्याच्या आयुष्यातले बरेच काही त्या शिक्क्याला टांगलेले असते. तेव्हाच्या ‘इसेन्शियल स्किल्स’ व्हिसावर मालकाचे नाव, कामाचे नाव आणि जागा छापलेली असे. मालक बदलायचा तर व्हिसात बदल मागायचा. शिवाय रहिवासाच्या अर्जातले नोकरीचे गुण त्याच नोकरीवर उभे, त्यामुळे पगारवाढ नाकारली गेली किंवा वरिष्ठाने पाणउतारा केला तरी मुकाट राहायचे. २२ ऑक्टोबर २०१८ पासून तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी माणसाला तयार घर विकत घेण्यास बंदी आली. ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूरच्या नागरिकांना तेवढी सूट. किवीसेव्हर या निवृत्तिबचत योजनेत त्याला नाव घालता येत नाही. मुलगी बारावी झाली तर विद्यापीठात तिला परदेशी विद्यार्थ्याची फी, जी स्थानिक फीच्या कितीतरी पट असते. बापाचा कर मात्र पहिल्या पगारापासून स्थानिक दरानेच कापला जातो.

आणि कागद शिळे होतात. भारतातल्या पोलिसांचे प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘पीसीसी’ म्हणतात, अर्ज करताना सहा महिन्यांहून जुने चालत नाही. फाइल दोन वर्षांनी उघडली की अधिकारी ताजे प्रमाणपत्र मागू शकतो. दरम्यान पासपोर्ट संपतो, कामाचा व्हिसा संपतो आणि त्याच्या नूतनीकरणाचा आणखी एक अर्ज, आणखी एक फी. कॅनडाच्या वाटेवरच्यांची तऱ्हा वेगळी, पण जात तीच. पदवीचे मूल्यमापन करून घ्यायला विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट लागते. त्यासाठी मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात कोणाचा तरी भाऊ नाहीतर निवृत्त वडील खेटे घालत असतात. परदेशातल्या रांगेचे एक टोक असे सांताक्रूझला असते.

डेव्हिड मेस्टर या व्यवस्थापन-अभ्यासकाने १९८५ मध्ये रांगांच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला होता. उपाहारगृहे, विमानतळ, दवाखाने यांच्या मालकांसाठी. त्यातली काही निरीक्षणे अशी: किती थांबायचे हे माहीत नसेल तर वेळ जास्त वाटतो, का थांबवले हे सांगितले नाही तर जास्त वाटतो, आपल्या मागचा पुढे गेला तरीही जास्त वाटतो. न्यूझीलंडच्या साध्या रांगेने ही तिन्ही निरीक्षणे एकाच वेळी खरी करून दाखवली. खात्याच्या संकेतस्थळावर ‘आम्ही सध्या अमुक महिन्यात आलेले अर्ज वाटप करत आहोत’ अशी ओळ असे. ती महिनोन्‌महिने जवळजवळ जागची हलत नसे. लोक ती रोज पाहत.

आपला नंबर कितवा हे कळले तर त्रास कमी होतो का? अमेरिकेतली रांग पाहिली तर उत्तर सरळ नाही. तिथे नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली साधारण सात टक्के. भारतात जन्मलेल्या इंजिनियरांची संख्या प्रचंड, म्हणून त्यांची रांग वेगळीच आणि दशकांची. तिथे अर्जाची तारीख हाच नंबर असतो. परराष्ट्र खाते दर महिन्याला कोणत्या तारखेपर्यंतच्या लोकांची पाळी आली ते छापते. ‘डेट करंट झाली का?’ हा कोथरूडच्या आईबापांच्याही तोंडी बसलेला प्रश्न आहे. पण ती तारीख कधीकधी मागेही सरकते. बायकोचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल तर तिच्या देशाच्या रांगेत उभे राहता येते. आणि बापाची पाळी येण्याआधी मुलाचे एकविसावे वर्ष उलटले तर बहुतेकदा मूल रांगेबाहेर पडते.

२००७ च्या जुलैत तर तमाशाच झाला. महिना सुरू होण्याआधी परराष्ट्र खात्याने जाहीर केले की जवळजवळ सगळ्यांची पाळी आली आहे. हजारो लोकांनी धावपळ करून वैद्यकीय तपासण्या उरकल्या, वकिलांच्या फिया भरल्या, भारतात गेलेल्या बायकांना तातडीने परत बोलावले. २ जुलैला खाते म्हणाले, कार्डे संपली, अर्ज पाठवू नका. तेव्हा ‘लगे रहो मुन्नाभाई’ येऊन वर्षही झाले नव्हते. चिडलेल्या भारतीयांनी चित्रपटातली गांधीगिरी खरोखर करून दाखवली: इमिग्रेशन खात्याचे संचालक एमिलिओ गोन्झालेस यांच्या नावे शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. १० जुलैला ते पोहोचले. गोन्झालेस यांनी ती फुले वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे पाठवून दिली. १७ जुलैला खात्याने आपला निर्णय फिरवला आणि महिनाभर अर्ज घ्यायचे मान्य केले. फुलांमुळे की वकिलांच्या दाव्यांच्या धाकामुळे, यावर वाद घालता येईल. अर्ज घेतले गेले म्हणून रांग काही संपली नाही. ती आजही आहे.

न्यूझीलंडकडे परत येऊ. १९ मार्च २०२० च्या रात्री कोविडमुळे देशाची सीमा नागरिक आणि रहिवासी सोडून सगळ्यांना बंद झाली. आता साध्या रांगेतल्या माणसाचा प्रश्न नुसता शिक्क्याचा राहिला नाही. आईला भेटायला नाशिकला आलेली बायको तिथेच अडकली, कारण ती रहिवासी नव्हती. रहिवासी नव्हती कारण फाइल उघडली नव्हती. एप्रिल २०२१ मध्ये भारतातली दुसरी लाट पाहून न्यूझीलंडने अडीच आठवडे भारतातून येणाऱ्या आपल्या नागरिकांनाही बंदी घातली, तेव्हा व्हिसावाल्यांना कोण विचारतो? पूलमधले ड्रॉही मार्च २०२० नंतर थांबले. आधी सहा महिन्यांसाठी म्हणून, मग आणखी सहा, मग मुदतच नाही. डॉक्टर आणि नर्सेस कंटाळून ऑस्ट्रेलियाला निघाल्या. सीमा बंद असल्याने त्यांच्या जागी नवे कोणी येऊ शकत नव्हते, आणि तुटवडा आहे हे मालक मंडळी आता उघड बोलू लागली.

३० सप्टेंबर २०२१ रोजी मंत्री क्रिस फाफोई यांनी जे जाहीर केले त्याची अपेक्षा रांगेतल्या आशावादी माणसानेही केली नसेल. ‘२०२१ रेसिडेंट व्हिसा’: एकदाच मिळणारा, नियमांचे जंगल बाजूला ठेवणारा. तीनपैकी एक गोष्ट पुरे. देशात तीन वर्षे राहिलेले असणे. किंवा तासाला २७ डॉलर वा जास्त पगार. किंवा तुटवड्याच्या यादीतले काम. इंग्रजीची परीक्षा नाही, पदवीची तपासणी नाही, गुण नाहीत. अंदाज होता १ लाख ६५ हजार लोकांचा. मंत्र्यांच्या घोषणेत पात्र होऊ शकणाऱ्यांत पाच हजारांहून अधिक आरोग्य आणि वृद्धसेवा कर्मचारी, सुमारे नऊ हजार शेती-दुग्ध क्षेत्रातले लोक, आठशेहून अधिक शिक्षक होते. ज्यांचे जुने अर्ज रांगेत होते त्यांना १ डिसेंबरपासून, बाकीच्यांना १ मार्च २०२२ पासून अर्ज करता आला. फी २,१६० डॉलर. शेवटी दोन लाखांहून अधिक लोकांना रहिवास मिळाला. एक्कावन्न लाखांच्या देशात पंचविसात एक. भारतीयांची संख्या त्यात मोठी होती.

या सगळ्यात एक गोष्ट डोळ्यांत भरते. दोन वर्षे न उघडलेल्या फायलींच्या मालकांना नव्या व्हिसाचा निकाल अनेकदा काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत मिळाला. खाते तेच, अधिकारी तेच, माणूसही तोच. बदलला होता तो फक्त वरचा आकडा आणि पुराव्यांची यादी. कॅनडाने २०१२ मध्ये रांगेतल्यांना घरी पाठवून रांग संपवली, न्यूझीलंडने २०२१ मध्ये सगळ्यांना आत घेऊन संपवली. रांग दोन्हीकडे एका कलमाच्या फटक्यात संपली, कारण ती लागली होतीच कलमामुळे.

मात्र ‘सगळ्यांना’ हा शब्द जरा जपून वापरावा लागेल. अट होती की माणूस २९ सप्टेंबर २०२१ रोजी न्यूझीलंडमध्ये हवा. सीमा बंद झाली तेव्हा जो सुट्टीसाठी भारतात होता आणि दीड वर्ष परतीची वाट पाहत होता, तो बहुधा वगळला गेला. कंटाळून जुलैत निघून गेलेलाही वगळला गेला. त्याच्या शेजारच्या डेस्कवरचा, त्याच्यानंतर वर्षभराने आलेला सहकारी रहिवासी झाला. मेस्टरचे तिसरे निरीक्षण त्याला वाचावे लागले नसणार.

रांग गेली म्हणून थांबणे गेले का? पूल पद्धतीत थांबण्याची वेळ अर्जाच्या आधी सरकते आणि तिथे ती कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत बाराशेपैकी गुण मिळतात आणि ड्रॉच्या दिवशी वरच्यांना बोलावणे येते. १३ फेब्रुवारी २०२१ ला, कॅनडातच काम करणाऱ्यांच्या ड्रॉमध्ये, ७५ गुणांवर २७,३३२ जणांना निमंत्रण गेले. पूलमधले त्या गटाचे जवळजवळ सगळेच त्यात आले. त्याच काळात देशाबाहेरच्या कुशल कामगारांच्या गटाला डिसेंबर २०२० पासून जुलै २०२२ पर्यंत एकही निमंत्रण नव्हते. पुन्हा ड्रॉ झाला तेव्हा किमान गुण ५५७ लागले. या दीड वर्षात लोकांची तिशी उलटली. एकोणतीसपर्यंत वयाचे पूर्ण गुण असतात. तिसाव्या वाढदिवसापासून दरवर्षी पाच-सहा गुण उतरू लागतात आणि चाळिशीनंतर जास्तच. इंग्रजीच्या आयईएल्ट्स परीक्षेचा निकाल दोन वर्षांत बाद होतो, तो पुन्हा द्यायचा. प्रोफाइल बारा महिन्यांनी बाद होते, ते पुन्हा भरायचे. २५ मार्च २०२५ ला नोकरीच्या ऑफरचे ५० किंवा २०० गुण सरकारने सरसकट काढून टाकले. त्या दिवशी असे गुण घेऊन पूलमध्ये असलेल्यांची बेरीज एका रात्रीत घसरली. त्यांनी अजून अर्ज केलेला नव्हता, त्यामुळे रद्द झाले असे म्हणायलाही काही नव्हते.

न्यूझीलंडने ९ ऑक्टोबर २०२३ पासून पुन्हा नवी मांडणी केली. १४० आणि १६० च्या भाषेऐवजी आता फक्त सहा गुण लागतात. व्यवसायाची नोंदणी, पदवी किंवा उत्पन्न यांपैकी एकाचे तीन ते सहा. आणि न्यूझीलंडमध्ये केलेल्या कुशल कामाच्या प्रत्येक वर्षाचा एक, जास्तीत जास्त तीन. वर्षाला किती जणांना घ्यायचे यावर या वर्गात मर्यादा ठेवलेली नाही, म्हणजे जुन्या रांगेचे कारणच काढून टाकले, असे सरकार सांगते. डॉक्टर आणि अशा काही मोजक्यांसाठी २०२२ पासून ‘ग्रीन लिस्ट’ आहे, ज्यातून थेट रहिवास मिळतो. नर्सेसना सुरुवातीला त्यात दोन वर्षे काम करण्याची अट होती. ओरड झाल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांना थेट यादीत घेतले.

साध्या पदवीधराचा हिशेब मात्र असा बसतो: बी.ई. किंवा बी.एस्सी.चे तीन गुण, उरलेले तीन म्हणजे तीन वर्षांची नोकरी. ती पाच वर्षांच्या आत पुरी व्हायला हवी आणि पगार मधल्या वेतनाच्या खाली जाता कामा नये. मध्येच कंपनी बुडाली आणि दुसरी नोकरी मिळायला वेळ लागला, तरी पाच वर्षांचे घड्याळ चालूच राहते. ही तीन वर्षे कामाच्या व्हिसावर, मालकाचे नाव छापलेल्या कागदावर काढायची असतात. खाते अर्ज निकाली काढायला लागणारा सरासरी वेळ नियमित प्रसिद्ध करते. त्याची मोजणी या तीन वर्षांनंतर, अर्ज हातात पडल्यावर सुरू होते.